कोणी केलं?

आमच्याकडे एकदा प्रॉडक्शनचा, म्हणजे ग्राहक प्रत्यक्ष वापरतात तो, डेटाबेस बसला. लोकांनी रात्रभर जागून तो उभा केला आणि सकाळी सगळे कॉलवर जमले. कुणाचाच कॅमेरा चालू नव्हता. स्क्रीनवर नावांचे नुसते चौकोन, आणि कुणीतरी म्यूट व्हायचं विसरल्यामुळे ऐकू येणारा पंख्याचा आवाज. मीटिंग आरसीएची होती, म्हणजे बिघाडाच्या मुळाशी काय होतं ते शोधायची. वरिष्ठांनी पहिलाच प्रश्न विचारला, "कोणी केलं?" थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग एका चौकोनाभोवती हिरवी कड उमटली आणि टीममध्ये सगळ्यात नवा असलेला मुलगा म्हणाला, "सर, मी. कमांड चुकीच्या सर्व्हरवर गेली."

तो बोलला त्यापेक्षा त्यानंतर जे झालं तेच मला जास्त लागलं. त्या कॉलवर सगळ्यांना हायसं वाटलं. आवाज सैल झाले, कुणीतरी कीबोर्डवर दुसरं काही टाइप करायला लागलं. "यापुढे सगळ्यांनी काळजी घ्यायची" असं ठरलं, मिनिट्समध्ये तसं लिहिलं गेलं आणि मीटिंग वेळेआधीच संपली. कमांड चुकीच्या सर्व्हरवर जाऊ कशी शकली, हे कुणी विचारलंच नाही. माणूस सापडला होता, मग आता कारण कशाला शोधायचं?

ते काही मनातून जाईना.

न जाण्याचं एक कारण असं, की तंत्रज्ञानाच्या बातम्यांमध्ये मला सगळ्यात जास्त रस फजितीच्या बातम्यांत आहे. कुठला फोन आला, कुणी कुणाला किती अब्जांना विकत घेतलं, कुठल्या मॉडेलने कुठल्या परीक्षेत किती गुण मिळवले, हे मी वरवर चाळते. पण एखादी बलाढ्य सेवा अर्ध्या जगात बंद पडली की मी खुर्ची पुढे ओढते. ३१ डिसेंबर २००८ ला मायक्रोसॉफ्टचे ३० जीबीचे झून म्युझिक प्लेअर सगळे एकाच दिवशी गोठले, ही गोष्ट मी आजवर कितीतरी जणांना सांगितली असेल आणि सांगताना दर वेळी मला हसू आवरत नाही. ते लीप वर्ष होतं. वर्षाचा ३६६ वा दिवस उजाडला आणि तारीख काढणारा कोड जागच्या जागी फिरत बसला. दिवस ३६५ पेक्षा जास्त, म्हणून लूपमधून बाहेर पडता येईना. ३६६ पेक्षा जास्त नाहीत, म्हणून वर्ष पुढे सरकेना. कंपनीने ग्राहकांना अधिकृत उपाय सांगितला तो असा: बॅटरी पूर्ण उतरू द्या, १ जानेवारीची ग्रिनिच वेळेनुसार दुपार होऊ द्या आणि मग चालू करा. आणि प्लेअर खरोखरच चालू झाले! जगातल्या एवढ्या मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीने लोकांना "उद्यापर्यंत थांबा" म्हणून सांगावं आणि तोच अचूक उपाय असावा, यातला निखळ आनंद मला कुठल्याच नव्या फोनच्या बातमीत मिळत नाही.

तसंच ॲमेझॉनच्या एस-थ्रीचं, म्हणजे असंख्य साइट्स आपला डेटा जिथे ठेवतात त्या सेवेचं. २८ फेब्रुवारी २०१७ ला सकाळी तिथला एक कर्मचारी बिलिंगच्या कामातला संथपणा शोधत होता. ठरलेल्या पद्धतीप्रमाणे, अधिकार असलेली कमांड चालवून त्याला थोडे सर्व्हर बाजूला काढायचे होते. कमांडमधली एक नोंद चुकली आणि अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त सर्व्हर निघाले. अमेरिकेच्या पूर्वेकडच्या त्या विभागावर विसंबलेल्या असंख्य साइट्स चारेक तास आडव्या झाल्या. यातला मला सगळ्यात आवडणारा भाग म्हणजे सेवा चालू आहे की बंद हे दाखवणारं ॲमेझॉनचं स्टेटसचं पान. ते पान बदलायची सोयच एस-थ्रीवर उभी होती. त्यामुळे बराच वेळ तिथे सगळं हिरवंगार दिसत राहिलं आणि "बंद आहे" हे सांगायला ॲमेझॉनला ट्विटरवर जावं लागलं.

यावर मी हसते तेव्हा माझ्या मनात कुणाबद्दल तुच्छता नसते. ज्याने कधी रात्री प्रॉडक्शनला हात लावलाय, एंटर दाबल्यावर कर्सर नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ लुकलुकत राहिल्याचं पाहिलंय, पोटात पडलेला तो खड्डा अनुभवलाय, त्याचं हे हसू असतं. हसून झालं की मी दुसऱ्या दिवसाची वाट पाहते. बातमी विरली की कंपनीचा अहवाल येतो. त्याला सगळे पोस्टमॉर्टेम म्हणतात. किती वाजता काय झालं, कुणाला काय दिसलं, काय समजून काय केलं आणि आता काय बदलणार. आमच्या व्यवसायात लिहिल्या जाणाऱ्या सगळ्या गोष्टींमध्ये, म्हणजे जाहिराती, घोषणा, सादरीकरणं, "आम्ही उत्साहाने जाहीर करतो की" छापाच्या पोस्ट्स, या सगळ्यांत हाच एक प्रकार असा आहे की जो मी शब्दन् शब्द वाचते. बाकी सगळीकडे सॉफ्टवेअर कसं असायला हवं होतं ते लिहिलेलं असतं; इथे ते कसं आहे ते दिसतं.

त्यातला माझा सगळ्यात लाडका अहवाल गिटलॅबचा, म्हणजे प्रोग्रामर आपला कोड जिथे ठेवतात त्या साइटचा. ३१ जानेवारी २०१७. रात्रीचे ११ वाजून गेलेले, यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळेनुसार. मुख्य डेटाबेसवर ताण आलेला, त्याची प्रत ठेवणारा दुसरा डेटाबेस मागे पडलेला. एक इंजिनिअर ती प्रत पुन्हा चालू करायच्या खटपटीत होता. त्याला वाटलं, दुसऱ्या सर्व्हरवरची डेटाची डिरेक्टरी आधी रिकामी करायला हवी. त्याने ती काढून टाकायची कमांड दिली. सेकंद-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आलं की आपण दुसऱ्यावर नाही, पहिल्यावर आहोत. दोन्ही सर्व्हरच्या नावांत फरक एका आकड्याचा: डीबी-१ आणि डीबी-२. त्याने कमांड थांबवली तोवर सुमारे ३०० जीबीमधले साडेचार जीबी उरले होते.

पुढची रात्र म्हणजे एकेक दार उघडून पाहावं आणि आत भिंतच निघावी, अशी गेली. रोजचा बॅकअप ज्या ठिकाणी जमा व्हायचा ते ठिकाण रिकामं होतं. बॅकअप घेणारं साधन ९.२ आवृत्तीचं, डेटाबेस ९.६ चा, त्यामुळे ते बिचारं दर वेळी चूक दाखवून बंद पडत होतं. चूक झाल्याची ईमेल जायची सोय होती, पण त्या ईमेलवर योग्य ती सही नव्हती म्हणून समोरचा सर्व्हर त्या नाकारत होता. धोक्याची घंटा वाजत होती आणि तिचा आवाज दारातच अडवला जात होता. डेटा वाचवायचे पाच मार्ग होते, त्यातला एकही धड चालत नव्हता. शेवटी सापडली ती सहाएक तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी हाताने घेतलेली एक प्रत. ती घेतली होती त्याच इंजिनिअरने, ज्याच्या हातून डेटा गेला. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा उठून खोलीत एक फेरी मारून आले.

आणि हे सगळं लपूनछपून झालं नाही. गिटलॅबने आपल्या कामाच्या नोंदींची फाइल सगळ्यांना उघडी केली आणि दुरुस्तीचं थेट प्रक्षेपण यूट्यूबवर लावलं. डेटा संथ डिस्कवरून गोगलगायीच्या गतीने परत येत होता आणि जगभरातले अनोळखी लोक तो येताना बघत होते, धीर देत होते, सल्ले देत होते. साइट सुमारे १८ तास बंद राहिली. सहा तासांतलं काम कायमचं गेलं: अंदाजे पाच हजार प्रोजेक्ट, तेवढ्याच टिप्पण्या, ७०० नवी खाती. हेही आकड्यांसकट लिहून ठेवलं. अहवालात त्या इंजिनिअरचं नाव नाही. तो आहे नुसता "टीम-मेंबर-१". आणि पुढे काय करायचं त्याच्या यादीत, बॅकअपच्या मोठमोठ्या कामांच्या जोडीला, एक अगदी छोटं काम आहे: टर्मिनलचा प्रॉम्प्ट, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत ओळीच्या सुरुवातीला दिसणारा मजकूर, असा बदलायचा की आपण कुठल्या मशीनवर आहोत ते पाहताक्षणी कळावं.

हे वाचलेलं डोक्यात होतं म्हणूनच आमच्या त्या सकाळच्या मीटिंगनंतर मी त्या मुलाला फोन केला आणि म्हटलं, "तुझी स्क्रीन दाखव ना." त्याने त्या रात्रीसारख्याच दोन खिडक्या शेजारी शेजारी उघडल्या. एक टेस्टची, एक प्रॉडक्शनची. दोन्ही काळ्या. अक्षरं तीच, आकार तोच, डावीकडे लुकलुकणारी हिरवी ओळही तीच. फक्त ओळीच्या मध्यावर कुठेतरी एक अक्षर वेगळं. रात्री अडीच वाजता, सलग दहा-बारा तास काम केल्यावर, फोनवर तिघं एकदम बोलत असताना त्याच्याकडून त्या एका अक्षराची अपेक्षा होती. आम्ही प्रॉडक्शनच्या खिडकीची पार्श्वभूमी गडद लाल केली. एक ओळ बदलली, झालं. तो मुलगा बराच वेळ त्या लाल रंगाकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "एवढंच होतं?" मला त्याला "हो" म्हणताना बरंही वाटलं आणि संतापही आला. बरं वाटलं ते त्याच्यासाठी. संताप आला तो "काळजी घ्यायची" या ओळीचा, जी अजून मिनिट्समध्ये तशीच होती.

हे शहाणपण काही नवं नाही, आणि सॉफ्टवेअरवाल्यांचं तर मुळीच नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ विमानं सुखरूप उतरल्यावर धावपट्टीवरच पोटावर बसायची. चांगले, कसलेले वैमानिक. विमान टेकल्यावर पंखांची फ्लॅप्स मिटायला जायचे आणि चाकंच मिटायचे. "वैमानिकाची चूक" असा शेरा पडायचा. अल्फॉन्स शपॅनिस नावाच्या तरुण मानसशास्त्रज्ञाने १९४३ मध्ये कॉकपिटमध्ये डोकावून पाहिलं तर चाकांचा आणि फ्लॅप्सचा, दोन्ही खटके शेजारी शेजारी आणि हुबेहूब सारखे. त्याने चाकांच्या खटक्यावर रबराचं छोटं चाक बसवलं आणि फ्लॅपच्या खटक्यावर पाचरीचा आकार. अंधारातही बोटांना फरक कळायला लागला आणि तो अपघात थांबला. वैमानिक तेच होते.

विमानवाल्यांनी हे पुढे नीट जोपासलं. १९७६ पासून नासा चालवत असलेल्या एका व्यवस्थेत वैमानिक स्वतःच्या चुका गोपनीयपणे कळवतात, आणि मुद्दाम केलेली किंवा गुन्ह्यातली गोष्ट नसेल, १० दिवसांत कळवली असेल, तर सहसा त्यांना दंड होत नाही. त्याच नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर सप्टेंबर १९९९ मध्ये मंगळापाशी हरवलं, कारण एका बाजूचं सॉफ्टवेअर पाउंडांत हिशेब देत होतं आणि दुसरी बाजू तो न्यूटनमध्ये आहे असं धरून चालली होती. जगाने या गोष्टीची भरपूर थट्टा केली. पण नासाचे अधिकारी एडवर्ड वायलर तेव्हा जे म्हणाले त्याचा आशय मला जास्त मोलाचा वाटतो: माणसांच्या हातून चुका होतातच; आम्ही यान गमावलं ते ती चूक पकडणाऱ्या आमच्या व्यवस्था कमी पडल्या म्हणून. सॉफ्टवेअरमध्ये हा विचार रुजवायला एट्सी कंपनीचे जॉन ऑलस्पॉ यांनी २०१२ मध्ये दोषारोपाशिवायच्या पोस्टमॉर्टेमबद्दल जे लिहिलं त्याची मोठी मदत झाली. एट्सीत तर दर वर्षी एक बक्षीस असायचं, सगळ्यात अनपेक्षित पद्धतीने काहीतरी मोडून दाखवणाऱ्या इंजिनिअरला: तीन बाह्यांचा खराखुरा स्वेटर. मला हे फार आवडतं. ज्या ऑफिसात असा स्वेटर अंगात घालून फोटो काढता येतो, तिथे "मी केलं" म्हणायला घसा कोरडा पडत नसणार.

आता तुम्ही म्हणाल, सगळ्यांना माफ करत सुटायचं का? नाही. संगणकांच्या सुरक्षेचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या क्राउडस्ट्राइकचंच घ्या. १९ जुलै २०२४ ला त्यांचं एक अपडेट गेलं आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख विंडोज मशीन निळी स्क्रीन दाखवून बंद पडली. विमानं, इस्पितळं, बँका. ७८ मिनिटांत त्यांनी अपडेट मागे घेतलं, पण पडलेली मशीन त्याने उठणार नव्हती. तिथे माणसानेच जायला हवं होतं. कित्येक मशीनपाशी कुणीतरी बसून, सेफ मोडमध्ये जाऊन, ४८ आकडी रिकव्हरी की एकेक आकडा टाइप करून, एक फाइल पुसली. कारण काय, तर एका ठिकाणी २१ नोंदींची अपेक्षा होती आणि पुरवल्या जात होत्या २०. हे तपशीलवार लिहिलं ते क्राउडस्ट्राइकनेच. नंतर त्यांनी मदत करणाऱ्यांना खाण्याच्या ॲपची १० डॉलरची कुपनं पाठवली, आणि एवढ्या लोकांनी ती एकदम वापरली की ॲपला फसवणुकीचा संशय येऊन ती अडली. त्यावर मी हसले, हसायलाच हवं होतं. पण त्यानंतर ऑगस्टमध्ये हॅकर लोकांच्या संमेलनात "सगळ्यात भव्य अपयश" असा पुरस्कार जाहीर झाला तेव्हा कंपनीचे अध्यक्ष मायकल सेंटोनास स्वतः मंचावर गेले, ती मोठी ट्रॉफी घेतली आणि म्हणाले की ती मुख्यालयात ठेवणार, कामावर येणाऱ्या प्रत्येकाला दिसेल अशी. त्यांनी कुठल्या एका प्रोग्रामरला पुढे केलं नाही. मला जबाबदारी दिसते ती इथे. खाली बोट दाखवण्यापेक्षा हे खूप अवघड आहे.

उलट टोकाचं उदाहरण एअर कॅनडाचं. त्यांच्या साइटवरच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला आजीच्या निधनानंतरच्या सवलतीच्या भाड्याबद्दल चुकीची माहिती दिली. प्रवासी दाद मागायला गेला तेव्हा कंपनीने बाजू मांडली ती अशी, की चॅटबॉट ही स्वतंत्र गोष्ट आहे, तो जे बोलला त्याला तोच जबाबदार. ब्रिटिश कोलंबियाच्या न्यायाधिकरणाने फेब्रुवारी २०२४ मध्ये हे म्हणणं फेटाळलं. साइट तुमची, तर तिच्यावरचा शब्दही तुमचा. पण तो युक्तिवाद कुणाला तरी सुचला, कुणीतरी तो लिहून काढला, याची मला खरीखुरी धास्ती वाटते. "कोणी केलं?" या प्रश्नाला आता एक नवं, फारच सोयीचं उत्तर मिळालं आहे.

कारण यंत्रं आता "मी केलं" म्हणायला शिकली आहेत. जुलै २०२५ मध्ये रेप्लिट कंपनीच्या एआय एजंटने, म्हणजे सांगितलं की स्वतःच कोड लिहून चालवणाऱ्या प्रोग्रामने, काहीही बदलायचं नाही अशी स्पष्ट सूचना असताना, एका उद्योजकाचा चालता डेटाबेस पुसून टाकला. विचारल्यावर त्याने कबुली दिली: मी विचार करण्याऐवजी घाबरलो. वर असंही सांगितलं की गेलेला डेटा परत येणार नाही. प्रत्यक्षात रोलबॅक करून, म्हणजे डेटाबेस आधीच्या स्थितीला नेऊन, पाहिला तर तो परत आला. ते "घाबरलो" माझ्याकडे दिवसभर चारी दिशांनी येत राहिलं आणि प्रत्येकाला त्यात गंमत वाटत होती. मला मात्र आमच्या कॉलवरचे ते सैल झालेले आवाज ऐकू यायला लागले. माणूस "मी" म्हणतो तेव्हा त्याच्याकडे निदान सांगण्यासारखं काहीतरी असतं: स्क्रीनवर काय दिसत होतं, काय वाटलं, कुठे नजर चुकली. टीम-मेंबर-१ ने हे सांगितलं म्हणून प्रॉम्प्ट बदलायची कल्पना आली. एजंटच्या कबुलीत तसं काही नाही. ज्या वाक्याने आपलं समाधान होईल असं वाक्य तो तयार करून देतो, हवं तेवढ्या वेळा, न थकता. त्यावर मीटिंग संपवली तर हाताला काहीच लागणार नाही.

त्या गोष्टीतला कामाचा भाग दुसराच आहे. "बदलू नकोस" ही सूचना नुसती शब्दांत होती. डेटाबेसला कुलूप नव्हतं, आणि प्रयोगाची जागा आणि खरा डेटा एकाच ठिकाणी होते. रेप्लिटचे प्रमुख अमजद मसाद यांनी हे व्हायलाच नको होतं असं जाहीरपणे म्हटलं, आणि विकासाचा डेटाबेस व प्रॉडक्शनचा डेटाबेस आपोआप वेगळे ठेवायची व्यवस्था आणली. शपॅनिसचं रबरी चाक ते हेच. एजंटच्या माफीचे स्क्रीनशॉट मला ओळखीच्या प्रत्येकाने पाठवले. डेटाबेस वेगळे केल्याची बातमी एकानेही पाठवली नाही, म्हणून ती इथे लिहिते आहे.